जालिंदरराव आणि मधला डबा

मागच्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो, तेव्हा मागून कुणीतरी मोठ्याने ओरडलं आणि सई, तू दचकून विचारलंस, "आजी, तुझ्याकडे भांडण चाललंय का?" भांडण नव्हतं. जालिंदरराव भेटायला आले होते.

आमच्या फाटकाला घंटा आहे. ती मी स्वतः उभी राहून बसवून घेतली आहे आणि तिचा आवाज ऐकायला गोड आहे. जालिंदररावांनी तिला आजपर्यंत एकदाही बोट लावलेलं नाही. ते फाटकाबाहेर उभे राहतात, दोन्ही हात तोंडाशी नेतात आणि "वहिनीऽऽ, हाय का घरात?" अशी आरोळी ठोकतात, की समोरच्या अंगणात झोपलेलं कुत्रं उठून जागा बदलतं.

"घंटा आहे ना तिथं!" मी दर वेळी चिडून म्हणते.

"घंटीला कशाला सांगू? तुमच्याशी बोलायचंय, तर तुमालाच हाक मारनार. घंटी ही मदली."

मधला. हा शब्द त्यांच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा असतो. त्यांच्या मते जगात जे जे बिघडलं आहे ते कुणीतरी मधे शिरल्यामुळे बिघडलं आहे, आणि त्यावर उपाय एकच: "मदला काढा."

जालिंदरराव मूळचे कळंबचे, आता आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. लहानपणी ते वडिलांबरोबर भाजी घेऊन बाजारात जात. माल अडत्याच्या हातात गेला, की वडील मागे उभे राहून आपल्याच वांग्यांना दुसऱ्याने नावं ठेवलेली मुकाट्याने ऐकत. ते दृश्य पोराच्या मनात बसलं असणार, हे मी समजू शकते. पण म्हणून किती ताणायचं, याला काही मर्यादा आहे की नाही? या गृहस्थांनी बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध-प्लँटमध्ये मीटर आणि यंत्रं सांभाळण्यात सगळी नोकरी घालवली, आणि स्वतः मात्र पिशवीच्या दुधाला कधी हात लावला नाही. रोज पहाटे मोटारसायकलवर किटली लटकवून ते म्हशीकडे जातात. म्हशीकडे, गवळ्याकडे नव्हे, असं तेच मला बजावून सांगतात.

एकदा ते मासे आणायला भिगवणला गेले. बाजारात घ्यायचे नाहीत, होडी काठाला लागली की होडीतूनच घ्यायचे, म्हणून उजनी धरणाच्या काठच्या चिखलात शिरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. कोळ्यांनी त्यांना ओढून काढलं. तशाच अवतारात, दोन मासे हातात लोंबकळवत ते थेट माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आले. आमच्याकडे मासे खात नाहीत, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"खायला न्हाय, दाखवायला आनलेत," ते म्हणाले. "बघा डोळं कसं हायत. मदी कुनाचा हात न्हाय लागला."

फरशी मी दोनदा पुसली.

त्यांचं लग्नही असंच झालं. मुलगी दाखवायला मध्यस्थ म्हणून मामा बरोबर होते. त्यांना इंदापूरच्या एसटी स्टँडवर चहा पीत बसवून जालिंदरराव एकटेच मुलीच्या शेतावर जाऊन धडकले. सुमन खुरपत होती. यांनी विचारलं, "मी जालिंदर. पसंत हाय का?"

सुमन हे सांगताना अजूनही हसते. ती म्हणते, "मी म्हनलं, आधी वाफ्यातनं बाहेर व्हा, रोपांवर उभं ऱ्हायलाय तुमी."

इथवरचं सगळं मी सहन करत आले आहे. पण पुढे त्यांनी जे केलं त्याचा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही, आणि तुमच्या आजोबांच्या वस्तूबद्दल असल्यामुळे ते तुम्हाला कळायला हवं.

आजोबा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. जालिंदरराव त्यांचे विद्यार्थी नव्हते, तरी त्यांना "सर" म्हणत. दोघांना वेड एकच: गाणं घरात नीट ऐकू आलं पाहिजे. दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तारा, पक्कड आणि सोल्डरिंगचा धूर. अशा कितीतरी रविवारांतून त्यांनी हुबेहूब सारखे दोन डबे बांधले. एक आमच्याकडे राहिला, एक जालिंदररावांकडे गेला. त्याला प्रीॲम्प म्हणतात. गाणं जिथून निघतं ते यंत्र एका बाजूला, स्पीकरला ताकद देणारा मोठा ॲम्प्लिफायर दुसऱ्या बाजूला, आणि यांच्या मधे हा डबा. कुठलं यंत्र ऐकायचं ते ठरवायचं बटण त्याच्यावर, आणि आवाज कमी-जास्त करायचंही त्याच्यावर. आजोबांनी बारीक ब्रशने त्या दोन बटणांखाली "निवड" आणि "आवाज" असं लिहिलं. "निवड"मधला "ड" जरा तिरका गेलाय. ते त्यांना फार खुपायचं.

आजोबा गेल्यानंतर त्या डब्यावर मी रोज संध्याकाळी पाच वाजता गाणी लावत असे. दर दिवाळीच्या आधी जालिंदरराव यायचे, "वहिनी, वाईच चहा टाका, तंवर मी ह्येची धूळ झाडतो," असं म्हणून मला स्वयंपाकघरात धाडायचे आणि डब्याचे स्क्रू काढायचे. एवढा एक त्यांचा उपकार मी मानत होते.

आणि याच माणसाला दोन-तीन वर्षांपूर्वी एकाएकी आवाजातलाही मधला खुपू लागला!

एके दिवशी ते साबणाच्या वडीएवढी काळी डबी घेऊन आले. "डॅक," म्हणाले. त्यांच्याकडे एक होतीच, ही दुसरी माझ्यासाठी, आणि मागवलीही थेट बनवणाऱ्याकडून. कॉम्प्युटरमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं, आणि स्पीकरला काही आकडे कळत नाहीत. डॅक त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करतो. तिथवर माझी तक्रार नव्हती.

"ह्येच्यातच आवाज कमी-जास्त करायची सोय हाय," ते म्हणाले. "मग ह्यो डबा मदी कशाला? डॅकची तार थेट मोठ्या ॲम्प्लिफायरला. आवाज जितक्या हातातनं जाईल तितका मळतो. मदला काढा!"

"हा मधला तुम्ही आणि सरांनी बांधलाय," मी म्हटलं.

"बांधला म्हनून काय झालं? मदला त्यो मदलाच."

मुलांनो, मी शांत बाई आहे. पण त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही.

त्यांनी पिच्छा सोडला नाही. भाजी द्यायला आले तरी तेच, वीजबिल दाखवायला आले तरी तेच. "अजून डबा हायच का?" घरात जुनं माणूस असावं आणि शेजाऱ्याने रोज येऊन विचारावं, अजून आहेत का, तसं मला वाटे. मी सांगून टाकलं, की मी आहे तोवर सरांचा डबा या घरात वाजेल. ते मान खाली घालून गेले आणि चार दिवसांनी पुन्हा आले.

शेवटी एका बुधवारी मी कंटाळले. म्हटलं, एक आठवडा लावून बघू. मला फरक कळला नाही तर डबा परत जागेवर जाईल आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. ते लगेच कामाला लागले. डबा काढून त्यांनी दोन्ही हातांनी खालच्या फळीवर ठेवला आणि पंधरा मिनिटांत तारा जोडल्या.

"याचं माहितीपुस्तक कुठे आहे?" मी विचारलं. मी कुकरच्या शिट्टीचंसुद्धा पुस्तक वाचून फाइलमध्ये लावते.

"पुस्तक कशाला? वस्तू हाय, मी हाय. पुस्तक बी मदलंच," असं म्हणत त्यांनी ते खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे बारामतीत शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. सकाळी गेली, पावणेबाराला आली. मी भाजीला फोडणी देत होते. आमच्या टीव्हीचा आवाजही त्याच स्पीकरांतून येतो, ही तुमच्या बाबांनी करून ठेवलेली सोय, आणि लाइट आली की टीव्ही आपोआप सुरू होतो, ही त्याची जुनी खोड. इतकी वर्षं बिघडलं नाही, कारण आवाजाचं बटण आजोबांच्या डब्यावर होतं आणि ते मी ठेवलं तिथंच राहायचं.

आता टीव्हीची तारही डॅकमधूनच जात होती, आणि डॅकचं तसं नव्हतं. लाइट जाऊन आली, की तो आवाज पूर्ण वर नेऊन ठेवत होता.

कुठल्यातरी मालिकेतली सासू ओरडली, "या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस!" मी उलथनं टाकलं. कपाटातल्या काचा थरथरल्या. मी कानावर हात ठेवून बाहेरच्या खोलीत आले तर ती पुन्हा म्हणाली, "चालती हो!" आणि तेवढ्यात सुमन, हाताला कणीक तशीच, पदर खोचून दारातून आत घुसली.

"कोन काढतंय वहिनीला घराबाहेर? बघतेच मी!"

तिच्या मागून जालिंदरराव पळत आले आणि त्यांनी भिंतीतली पिनच उपटली. सगळं शांत झालं. स्वयंपाकघरातून जळक्या फोडणीचा वास येत होता. उजव्या स्पीकरचा पडदा मधोमध फाटला होता.

मी जालिंदररावांच्या खिशाकडे हात केला. त्यांनी निमूटपणे पुस्तक काढून दिलं. तिसऱ्याच पानावर, इंग्रजीत, ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की वीज परत आल्यावर आवाज पूर्ण असेल, थेट ॲम्प्लिफायरला जोडणार असाल तर आधी ही सोय बदला. मी ते मोठ्याने वाचलं. मराठीत करूनही सांगितलं. सुमन म्हणाली, "वाचायचं तरी व्हतं हो!"

"डबा परत लावा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

त्यांनी लावला. उजवा स्पीकर तर गेलेलाच होता. डाव्यातून थोडी खरखर आली, मग नुसती घरघर, मग काहीच नाही. त्यांनी तार काढून चांगला स्पीकर दुसऱ्या बाजूला जोडून पाहिला. तिकडून आवाज आला. म्हणजे डब्याची डावी बाजू मेली होती.

मला तेव्हा जे सुचलं ते मी सगळं बोलले. तुम्ही तो काढताना बिघडवलात. तुम्हाला तो पहिल्यापासून नकोच होता. मेलेल्या मित्राची एक वस्तू तुम्हाला बघवली नाही. हे शेवटचं मी बोलायला नको होतं, पण बोलले.

"चुकलं वहिनी," एवढंच जालिंदरराव म्हणाले. "नेतो. बघतो काय व्हतंय." डबा पिशवीत घालून ते घेऊन गेले.

पंधरा दिवस झाले. फाटकावर आरोळी नाही, भाजी नाही. पाच वाजले की मी खुर्चीत बसायची आणि मग उठायची. माझी खात्री झाली, की यांनी डबा मोडीत घातला आणि आता तोंड चुकवताहेत. सोळाव्या दिवशी मी चप्पल घातली आणि निघाले. डबा जसा असेल तसा, तुकड्यांत असला तरी, घेऊनच यायचं ठरवलं.

त्यांच्या दाराला घंटा नाही. असणार कशी? तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी फाटकाबाहेर उभी राहून ओरडले, "सुमनऽऽ!" समोरच्या दोन खिडक्या उघडल्या.

सुमनने आत नेलं. "ह्ये न्हाईत. पुन्याला गेल्यात, तिसऱ्यांदा. त्यो कसला पार्ट मिळतोय का बघायला."

टेबलावर दोन डबे होते. एक आमचा, "ड" तिरका असलेला. दुसरा त्यांचा. त्यांच्या डब्याचं झाकण उघडं होतं आणि आत काहीच नव्हतं. काही म्हणजे काही नाही. तळाला स्क्रूची भोकं आणि कापलेल्या दोन-चार तारा. पुढच्या पट्टीवर तुमच्या आजोबांच्या हातचं "आवाज", आणि त्यावर बटणाच्या जागी गोल भोक.

"हा कुणी असा केला?" मी विचारलं.

"कोन करनार? ह्येनीच." सुमन खुर्ची पुसत म्हणाली. "सर गेलं त्याच्या दुसऱ्या वर्षी तुमच्या डब्यातलं कायतरी जळलं. तसलं आता कुटं मिळत न्हाय. मग ह्येनी आपल्यातलं काढून तुमच्यात घातलं. पुढच्या दिवाळीला आनखी एक. मग त्यो ट्रान्सफार्मर का काय त्यो. तुमी चहा करायला आत गेला, की ह्ये खिशातनं काढून बसवायचं."

"धूळ झाडतो म्हणायचे."

"मग काय म्हनतील? दोन-तीन वर्षांमागं आवाजाचं बटन बी गेलं तिकडं. आमचा डबा झाला मोकळा. तवापासनं ह्येंचं सुरू, गान्यातला मदला काढा, मदला काढा." ती हसली, पण नीट हसली नाही. "डबाच न्हाय ऱ्हायला, तर मानूस दुसरं काय म्हननार वहिनी?"

मी खुर्चीत बसले. मला राग आला होता, मुलांनो, खरोखर आला होता. इतकी वर्षं एका माणसाने मला चहा करायला लावून फसवलं होतं.

"मग माझा का काढायला निघाले होते?"

"आता काढून घालायला काय उरलंच न्हाय. पुढल्या वेळी बंद पडला तर पडलाच. ह्ये म्हनायचे, चालू हाय तंवरच बाजूला ठिवला, तर सरांचा डबा कधी बंद पडलाच न्हाय असं वहिनीला वाटत ऱ्हाईल."

बऱ्याच वेळाने जालिंदरराव आले. अंगावर एसटीची धूळ, हातात रिकामी पिशवी. मला आणि उघड्या डब्याला एकत्र बघून ते उंबऱ्यातच थांबले.

"मिळाला न्हाय," ते म्हणाले.

"मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" माझा आवाज चढला. "दर वर्षी? एकदाही नाही?"

"सांगून काय केलं असतं? तुमी म्हनला असता, ऱ्हाऊ द्या, तुमचा मोडू नका. आन पाचला लावायचं बंद केलं असतं."

खरं होतं. मी तेच केलं असतं.

"मग तुम्ही काय ऐकता?" मी विचारलं.

"डॅक. थेट."

"चांगलं वाटतं?"

ते पिशवीची घडी घालत राहिले. "साफ वाटतं," म्हणाले. "लईच साफ वाटतं."

मी उभी राहिले. त्यांना म्हटलं, उद्या माझ्याकडे या, फाटलेला पडदा बदला आणि डॅक सरळ जोडून द्या. पुस्तक मी वाचून दाखवीन, त्यात सांगितलंय तसं तुम्ही करा. आणि हा डबा इथं राहील.

"न्हाय वहिनी. सरांची वस्तू हाय ती."

"आत निम्म्याहून जास्त तुमचं आहे. आता सांगा कुणाची?"

ते सुमनकडे बघू लागले. सुमन म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? लावा की."

"एकच बाजू चालती त्याची," ते पुटपुटले.

"एका बाजूवर दोन्ही स्पीकर वाजत नाहीत का?"

"वाजत्यात." ते खाली बसले आणि तारा शोधू लागले. "जुन्या गान्यांना तसंबी एकच बाजू असती."

दहा मिनिटांत त्यांनी जोडलं. बटण हळूच फिरवलं. आधी खरखर आली, मग गाणं आलं, जरा जाडसर, जरा लांबून आल्यासारखं. आमच्याकडे पाचला यायचं, अगदी तसंच. जालिंदररावांनी डब्याच्या झाकणावर तळहात ठेवला. म्हणाले, तापतोय का बघतो.

सुमनने चहा आणला. मी माझा प्यायले. त्यांचा कप तिने त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, उजवा काही त्यांनी झाकणावरून उचलला नाही. तापत नव्हता, हे त्यांना पहिल्या मिनिटातच कळलं असणार. गाणं संपून दुसरं सुरू झालं, तरी हात तिथंच होता.